नंबर सगळे पाहतात, नळीतून कोणीच पाहत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आलाय. खंडेनवमीला घरोघरी शस्त्रं बाहेर निघतील, ज्यांच्याकडे लायसनचं रिव्हॉल्वर आहे ते कपाटातून काढून पाटावर ठेवतील, हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल, अन् संध्याकाळी एक हात फिरवून परत कव्हरात, ते डायरेक्ट पुढच्या दसऱ्याला किंवा इलेक्शनला. मी पोलीस खात्यात आर्मोरर, म्हणजे खात्याची हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा होतो, सगळी नोकरी शस्त्रागारात गेली, आता रिटायर आहो, पण ओळखीचे लोक अजूनही विचारायला येतात की काकाजी जरा पाहा ना याला काय झालं. मी कोणाचंही हत्यार दुरुस्त करत नाही, माझ्याकडे तसं लायसन नाही, पण पाहून सांगतो. आणि जे पाहून राहिलो त्याची काळजी वाटते म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

पूजा जरूर करा. पण कुंकू सुपारीला लावा, पाटाला लावा, फार तर लाकडी मुठीला बोट लावा. ओल्या हाताने नळीवर लावलेलं कुंकू ओलावा धरून बसतं, फुलाखाली पाण्याचा थेंब राहतो, आणि तेवढ्याच जागेवर नंतर तांबूस डाग येतो. मी असे डाग टिक्क्याच्या आकाराचे पाह्यले आहेत, अगदी नेमका अंगठ्याएवढा गोल.

लोकांना वाटतं रिव्हॉल्वरची नळी गोळ्या झाडून झाडून खराब होते. आपल्याकडे साधा लायसनवाला माणूस वर्षानुवर्षं झाडून झाडून किती झाडेल? दुकानदार, जिनिंगवाले, पेट्रोल पंपवाले, शेतीवाले, यांची हत्यारं झाडल्यामुळे नाही तर पडून राहिल्यामुळे खराब होतात, आणि दुसरं म्हणजे साफ करायच्या चुकीच्या पद्धतीमुळे. नागपूरची हवा पण पाहा ना, एप्रिल लागला की बाहेर चाळीसच्या वर अन् घरात कूलर, त्या कूलरच्या खोलीतच लोखंडी कपाट, सगळा दमट वारा कपाटात जातो, मग मधे आठ दिवस कोरडे मिळत नाहीत तोवर पावसाळा चालू. त्यात हत्यार चामड्याच्या कव्हरात. चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहतात अन् चामडं ओलावाही ओढतं, त्यामुळे कव्हर हे कमरेला लावायला आहे, वर्षभर ठेवायला नाही, हे मी कितीदा सांगितलं असेल. सुती कपड्यात सैल गुंडाळा, कूलर नसलेल्या खोलीत ठेवा, सोबत त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका ज्या नवीन बुटाच्या डब्यात येतात, त्या पण मधे मधे बदला.

आता तेल. खोबऱ्याचं तेल, मोहरीचं तेल, देवाच्या दिव्याचं तिळाचं तेल, सगळं लावून आणतात लोक. खाण्याचं तेल हवेने घट्ट होतं, चिकट पिवळा थर बसतो, घोडा जड चालतो, गोळ्या भरायची गोल चरखी अडकते. खोबऱ्याचं तर थंडीत गोठतंच, हे काय सांगायला पाहिजे. राकेलने मळ निघतो खरं, पण राकेल उडून गेलं की लोखंड उघडं पडतं, त्यावर तेल लावलं नाही तर पंधरवड्यात गंज. गन ऑइल मिळालं तर उत्तम, नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालेल, आणि तेही कमीच, बोटाला लागेल न लागेल इतकं. हा "कमी"चा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो कोणी मनावर घेत नाही, पुढे सांगतो काऊन ते.

आमच्याकडे थ्री नॉट थ्री रायफल होती तेव्हा फायरिंगवरून आल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे, कारण त्या काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत राहायचा अन् क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. मग फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, मग चार बाय दोन इंचाची चिंदी, कोरडी एक, तेलाची एक. उस्ताद लोक ओरडायचे की दोरी नळीच्या तोंडाला घासली नाही पाहिजे, सरळ ओढ. तेव्हा कटकट वाटायची काहींना, पण त्यात अर्थ होता. नळीच्या पुढच्या तोंडाची कडा सगळीकडून सारखी असली तरच गोळी सरळ निघते. ती कडा एका बाजूने झिजली की मागून निघालेला गॅस एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला तिथेच धक्का बसतो. मग मालक म्हणतो नेम लागत नाही, हत्यार खराब निघालं. हत्यार खराब नव्हतं निघालं, लोखंडी सळई पुढून घालून घालून तोंड घासलं गेलं.

आपल्या इकडे जे जास्त चालतं ते .32 बोअर, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं. ते जुन्या विलायती वेब्ली रिव्हॉल्वरच्या चालीवर आहे, मधून मोडून उघडतं, नळी खाली झुकते आणि चरखीतले सहाही चेंबर, म्हणजे गोळ्या भरायची भोकं, समोर येतात. याचा मोठा फायदा असा की नळी मागून साफ करता येते, पितळी किंवा प्लास्टिक चढवलेली सळई मागून घाला, ब्रश पुढून पूर्ण बाहेर येऊ द्या, अर्ध्यात उलटा फिरवू नका. पण लोक सवयीने पुढूनच खुपसतात. 2023 साली आलेलं प्रबल नावाचं रिव्हॉल्वर वेगळं आहे, त्याची चरखी बाजूला निघते, नळी बॉडीतच घट्ट, मागून सळई जायला जागा नाही, त्यामुळे ते हत्यार घेणाऱ्यांनी तर दोरीवालाच ब्रश घ्यावा, दोरी मागून टाकायची अन् पुढून सरळ ओढायची. आणि हो, पिक्चरमधल्यासारखं मनगटाला झटका देऊन चरखी बंद करायची नाही, ती ज्या दांडीवर फिरते ती दांडी वाकते, मग चेंबर नळीच्या अगदी समोर येत नाही, गोळी नळीत शिरताना कडेला घासते, शिशाचे बारीक कण बाजूने उडतात अन् नळीचा मागचा भाग, जिथे गोळी शिरते तो, खराब होत जातो. तो भाग आरशात किंवा टॉर्चने पाहायचा, तिथे करडा-पांढरट थर दिसला तर ते शिसं आहे, ते तांब्या-पितळेच्या ब्रशने निघतं, पॉलिश पेपरने काढायचं नाही.

इतवारीतले एक व्यापारी आहेत, माझ्या परिचयाचे, सज्जन माणूस. 2024 ला लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, त्यांना नोटीस आली, त्यांनी रिव्हॉल्वर जमा केलं, निकालानंतर पाऊस पडून गेल्यावर परत मिळालं. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, पुन्हा जमा, पुन्हा परत मिळालं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, दोष कोण्या एका हवालदाराचा नाहीच, मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या जमा मालाच्या खोलीत, काय काय भरलेलं असतं ते मला चांगलं माहीत आहे, जप्तीचा माल, गाड्यांचे पार्ट, दारूच्या पेट्या, अन् त्यात ही हत्यारं, ट्रिगरच्या कडीतून सुतळी ओवून पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. सुतळीच पाणी धरते. त्यांनी मला दाखवलं तेव्हा ट्रिगरच्या कडीवर सुतळीचा वळ गंजाने उमटला होता, पीळ मोजता येईल असा.

मी उघडलं, सहाही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्याने अन् बोटाने दोनदा पाह्यलं, मागच्या बाजूला पांढरा कागद तिरपा धरला की उजेड नळीत जातो, आणि पुढून पाह्यलं. चांगल्या नळीत आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे चर, चकचकीत, कडा धारदार, गोल फिरत जाताना दिसतात. इथे अर्ध्यापर्यंत तांबडे खड्डे होते, ते तर होतेच, पण पुढे तोंडापासून बोटभर आत एक काळी अंगठी दिसली, सावलीसारखी. कागद हलवला तरी ती अंगठी जागची हलेना. बाहेरून नळीवर बोट फिरवलं तर त्याच ठिकाणी जरासा उंचवटा, डोळ्याला दिसत नव्हता पण बोटाला लागत होता.

ही अंगठी म्हणजे नळी आतून फुगली. ती गंजाने फुगत नाही. एक गोळी नळीत अडकली असताना मागून दुसरी झाडली की असं होतं. त्यांना विचारलं तर आठवून म्हणाले की हो, मागे रेंजवर एकदा आवाज बारीक आला होता, फुस्स असा, धक्का पण नाही बसला, मला वाटलं गोळी सुटली अन् मी पुढची झाडली. त्यांचं नशीब की नळी फुगण्यावरच निभावलं, फाटली नाही, हाताला काही झालं नाही.

इथे मघाचा कमी तेलाचा मुद्दा येतो. लोक चेंबरमध्ये भरपूर तेल टाकतात, वरून काडतुसं भरून ठेवतात, महिनोन्महिने. ते तेल काडतुसाच्या टोपीतून आत झिरपतं. मसाला मरतो. मग एकतर काहीच होत नाही, किंवा अर्धवट पेट घेतो, गोळी चेंबरमधून निघते पण नळीतून बाहेर पडायला जोर पुरत नाही. पिस्तूल असेल तर अशा फुसक्या गोळीने त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, बहुतेक मागे येत नाही, आपोआप थांबायला होतं, पण रिव्हॉल्वरमध्ये नुसता ट्रिगर दाबला की पुढचं काडतूस समोर हजर, म्हणून रिव्हॉल्वरवाल्याने जास्त सावध राहायला पाहिजे. आवाज बारीक आला, धक्का कमी बसला, की बोट ट्रिगरवरून काढा, तोंड निशाण्याच्याच दिशेला ठेवा, निदान अर्धा मिनिट तसंच उभं राहा, मग उघडून रिकामं करा आणि नळी आरपार दिसते का पाहा, नाही दिसली तर हत्यार आणि स्वतःला दोघांनाही तिथेच थांबवा, रेंजवरच्या जाणकाराला दाखवा, घरी आणून हातोडीने ठोकत बसू नका. काडतुसं कोरडी ठेवा, तेल लागलेल्या हाताने धरू नका, चामड्याच्या पट्ट्यात वर्षभर खोचून ठेवू नका, पितळ कळकतं, हिरवं पडतं, तशी कळकलेली काडतुसं वापरूच नका.

आता खरं दुखणं. फुगलेली नळी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. आणि या मोडून उघडणाऱ्या हत्यारात नळी आणि वरची पट्टी, जी मागे कडीला अडकते, ते सगळं एकच पीस असतं, म्हणजे नळी बदलणं म्हणजे हत्याराचा पुढचा अर्धा भाग बदलणं, चेंबरच्या तोंडाशी फट किती ठेवायची, चरखी जुळते का, झाडून टेस्ट, हे काम ज्याने बनवलं त्याच्याच कारखान्यात होऊ शकतं. नागपुरातल्या लायसनदार दुकानांत स्प्रिंग, स्क्रू, मुठीचे पल्ले, फार तर घोड्याची किरकोळ कामं होतात, तीही त्यांच्याकडे दुरुस्तीची परवानगी असेल तर. नळीसाठी गाडी कानपूरलाच जाते.

आणि कानपूर इतकं सोपं नाही. लायसनवर क्षेत्र महाराष्ट्रापुरतं लिहिलेलं असेल तर हत्यार घेऊन इटारसी-भोपाळ-झाशी करत यूपीत जाता येत नाही, त्याची वेगळी परवानगी काढा. कुरियरमध्ये टाकायची ही वस्तू नाही. दुकानामार्फत पाठवा तर पाठवायला किती दिवस, यायला किती दिवस, तोवर रिन्यूअलची तारीख आली तर दाखवायला हत्यार नाही. साधा माणूस थकतो. थकला की त्याला शॉर्टकट सांगणारे भेटतातच. आमच्या या व्यापाऱ्यांना एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं, आणा शेठ, लेथवर घेतो, आतून रीमर (भोक कातणारं अवजार) फिरवून चकाचक करून देतो, कानपूरला काऊन जाता? मी त्यांना हात जोडून थांबवलं. एकतर आतले आटे जातील, नळीची जाडी कमी होईल, पुढची गोळी झाडताना ती नळी हातात फाटू शकते. आणि दुसरं, विनालायसन हत्यार दुरुस्त करणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 चा भंग आहे, 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्या वर्कशॉपवाल्याला हे ठाऊकही नसेल, तो बिचारा मोटारीच्या पार्टसारखं पाहत होता.

तसंच ते पॉलिश पेपरचं. गंज दिसला की लोक बसतात घासायला, आणि घासता घासता कंपनीचं नाव, नंबर पुसट होतो. कलम 8 वाचा, नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं कोर्ट धरून चालतं, नाही खोडला हे तुम्ही सिद्ध करायचं. बापजाद्यांच्या वेळचं, विलायती वेब्ली वगैरे ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर नंबरच्या जागेला हातच लावू नये, तेलात भिजवलेली चिंदी रात्रभर ठेवा, सकाळी मऊ कपड्याने पुसा, जेवढं निघेल तेवढं निघेल.

ज्यांना कारखान्याकडूनच काम करून घ्यायचं आहे त्यांनी हत्यार उचलून निघू नये. आधी पत्र किंवा ईमेल करा, सोबत लायसनची कॉपी, खरेदीचं बिल, हत्याराचा नंबर, आणि बिघाडाचे फोटो, फुगवटा असेल तर नळीवर खडूने खूण करून फोटो. फुसकी गोळी झाली होती हे लपवू नका, ते पाहताच ओळखतात. त्यांचं उत्तर लेखी आलं की मग परवानगीचं पाहा. दुकानामार्फत दिलं तर नंबर लिहिलेली पावती घ्या, आपल्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या की हत्यार दुरुस्तीला दिलं आहे. परत आल्यावर नळी नवी असेल तर तिच्यावरचा नंबर आणि लायसनवरचा नंबर जुळतो का हे तिथेच पाहा, फरक असेल तर लायसनवर नोंद करून घेतल्याशिवाय घरी आणून ठेवू नका.

माझं म्हणणं पोलीस आयुक्त साहेब, जिल्हाधिकारी साहेब आणि कारखान्याच्या वरच्या लोकांपर्यंत जावं म्हणून तुमच्या पेपरात लिहितो. 2019 पासून लायसन तीनच्या ऐवजी पाच वर्षांचं झालं. चांगलं झालं, लोकांचे हेलपाटे वाचले. पण रिन्यूअलला हत्यार दाखवायला नेतो तेव्हा काय होतं, नंबर जुळवतात, सही, झालं. नळीतून कोणी पाहत नाही. म्हणजे फुगलेली नळी पाच वर्षं आणखी तशीच घरात राहते, भरलेली. खात्यात आर्मोरर आहेत, त्यांना कागद धरून नळी पाहायला दोन मिनिटं लागतात. रिन्यूअलच्या दिवशी एक आर्मोरर बसवा, नळी ठीक की नाही एवढा एक रकाना भरा, नाही असेल तर मालकाला लेखी द्या की दुरुस्त होईपर्यंत झाडू नका.

इलेक्शनच्या वेळी सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करा असं निवडणूक आयोग म्हणत नाही, त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते, कोणाचं जमा करायचं ते तिने ठरवायचं असतं. नागपुरात नोटीस आली की बहुतेक लोक वाद न घालता जमा करून मोकळे होतात. ठीक आहे, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, मी पण खात्यातलाच आहो. पण जमा करताना मालकाला तिथेच तेलाची चिंदी फिरवू द्या, पावतीवर नळीची स्थिती लिहा, सुतळीऐवजी प्लास्टिकची पट्टी लावा, आणि हत्यारांना मालखान्यात एक कोरडं लोखंडी कपाट द्या. यात फार खर्च नाही.

आणि कारखान्याला विनंती अशी की तुम्ही नागपुरात वर्षातून एकदा कॅम्प लावा. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी शस्त्र कारखाने चालवणारं ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, कानपूरची रिव्हॉल्वर बनवणारी कंपनी वेगळी अन् आपल्या अंबाझरीची यंत्र इंडिया वेगळी, काम वेगळं, मान्य आहे, पण आहेत तर एकाच संरक्षण खात्याच्या. यंत्र इंडियाचं मुख्यालयच नागपुरात आहे, आवार बंदिस्त आहे, बंदोबस्त आहे. कानपूरचे दोन कारागीर गेज आणि पार्ट घेऊन आठ दिवस इथे बसले, पोलिसांनी विदर्भातल्या लायसनवाल्यांना ठाण्यानुसार तारखा दिल्या, तर वर्धा, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती, गोंदिया, सगळ्यांचं एका जागी तपासून होईल. ज्यांची नळी बदलायची ती हत्यारं कारखान्याने तिथल्या तिथे पावती देऊन सोबत न्यावी आणि पुढच्या फेरीत परत आणावी. लोक पैसे द्यायला तयार आहेत, फुकट कोणी मागत नाही. इतवारीचे ते व्यापारी आजही नवीन नळीचे पैसे हातात घेऊन बसले आहेत, हत्यार कपाटात रिकामं ठेवलं आहे, काडतुसं वेगळी.

कॅम्प लागला किंवा रिन्यूअलला आर्मोरर बसवायचं ठरलं आणि माणसं कमी पडली तर माझ्यासारखे रिटायर झालेले आर्मोरर शहरात आहेत. नळी कशी पाहायची, चिंदी कशी ओढायची हे लोकांना दाखवायला आम्ही विनामूल्य येऊ, आयुक्तालयातून निरोप आला की पुरे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त आर्मोरर, नागपूर